पाखरं, डुकरं आणि छऱ्याची बंदूक: पीक राखायचं तर आधी काय, नंतर काय

शाळू चिकात आला, मक्याला कणीस धरलं, की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत, एकच धावपळ सुरू होते. कोणी छऱ्याची बंदूक शोधतो, कोणी कार्बाइडची नळी आणतो, कोणी बांधावर औषध लावलेले दाणे टाकतो. तोवर पाखरांचा थवा त्या रानाला सरावलेला असतो आणि डुकरांची वाट पडून गेलेली असते. साधनं बहुतेकांकडे सारखीच असतात, ती कधी बाहेर काढायची यात घोळ होतो. दुसरा घोळ कायद्याचा. आपल्या मालकीच्या रानात आलेलं पाखरू किंवा ससा मारायला कोणाची आडकाठी, हा समज अजून पक्का आहे. त्या समजापायी बंदूकही जाते, मोटारसायकलही जाते आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात त्या वेगळ्याच.

खालचा क्रम शाळू आणि मका धरून सांगितला आहे, कारण पाखरांचा त्रास तिथे सर्वांत जास्त. सूर्यफूल, भात, शेंगा यांच्यासाठी काय बदलायचं ते ओघात येईल.

## १. आधी ओळखा: खातंय कोण

निम्मे उपाय वाया जातात ते चुकीच्या प्राण्यावर केले म्हणून. दिवसा बुजगावणं उभं करून रात्रीची डुकरं थांबत नाहीत, आणि रात्रभर डबा बडवून सकाळचे राघू थांबत नाहीत. म्हणून काहीही विकत आणण्याआधी दोन फेऱ्या मारा: एक उजाडताना, एक दुपारी चारनंतर. फेरी बांधावरून नको, पिकात शिरून मारा आणि खाली बघा.

- राघू: कणसाचे तुकडेच्या तुकडे तोडतात, थोडं खातात, बाकी टाकतात. मक्याचं कणीस शेंड्याकडून सोललेलं दिसतं. खाल्ल्यापेक्षा सांडलेलं जास्त, ही राघूची खूण.
- चिमण्या, सुगरणी, मुनिया: दाणा चिकात असताना चिरडून रस घेतात. ताट उभं, कणीस जागेवर, पण हात लावला तर नुसती पोकळ टरफलं.
- कावळे: मक्याचा कोंब उपटून खालचा दाणा खातात. उपटलेलं रोप तिथेच आडवं पडलेलं असतं.
- पारवे: वर राहिलेलं बी टिपतात. उगवणीत पट्टेच्या पट्टे रिकामे दिसतात.
- मोर: पायी येतात, बहुधा ओढ्याच्या किंवा झाडीच्या बाजूने. कोवळी पानं ओरबाडलेली आणि मातीत मोठी तीन बोटांची पावलं.
- ससा: कोवळं रोप तिरकं, चाकूने कापल्यासारखं छाटलेलं. जवळच गोल, कोरड्या लेंड्या.
- डुक्कर: ताटं आडवी, माती उकरलेली, शेंगांचे वेल उलटे. खुरांचे जोडठसे.
- साळिंदर: बुंध्याजवळ कुरतडलेलं, कधी एखादा काटा पडलेला.
- कोल्हा: मक्याचं कणीस ओढून खातो, पण डुकरासारखा रानाचा चेंदामेंदा करत नाही.
- उंदीर: ताट बुंध्यातून कापलेलं, कणीस गायब, बांधाला ताजी बिळं.

तपासा: नुकसान रानाच्या कोणत्या कडेला जास्त आहे? ती कडा कशाला लागून आहे: झाडीला, ओढ्याला, विजेच्या तारांना की पडीक रानाला? पुढचे सगळे उपाय त्या कडेपासून सुरू करायचे आहेत.

## २. मारता काय येतं? जवळजवळ काहीच नाही

हा टप्पा पुढे ढकलू नका. लोक बंदूक आधी घेतात आणि कायदा नंतर विचारतात.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मोर, गवा आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. राघू आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. शेतात येणारी बहुतेक जंगली पाखरं, ससा, तित्तर, लावा यांनाही संरक्षण आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे याने यात काही फरक पडत नाही. ‘छोट्या शिकारीचा परवाना निघतो’ असं जुनी माणसं सांगतात. तसे परवाने पूर्वी निघत होते, १९९१ च्या दुरुस्तीने ते बंद झाले.

‘शिकार’ या शब्दात कायद्याने काय काय धरलंय तेही पाहून ठेवा. नुसतं मारणं नाही. सापळा लावणं, फास टाकणं, विष घालणं, पकडणं, आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा. पाखरांच्या बाबतीत अंडी फोडणं आणि घरटं मोडणंही. विहिरीवर वाकलेल्या बाभळीवरची सुगरणीची घरटी काठीने पाडायची आपल्याकडे सवय आहे. ती या कलमात बसते. रानातून पाखरं हुसकावून लावणं मात्र शिकार नाही. मारण्यासाठी हाकून आणणं शिकार आहे.

शिक्षा: साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कैद तीन वर्षांपेक्षा कमी नाही, सात वर्षांपर्यंत, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. मोर मारला तर हा दुसरा हिशेब लागतो. वापरलेलं हत्यार आणि वाहन जप्त होतं.

आता छऱ्याची बंदूक. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअरगन विनापरवाना घेता येते. दुकानदार एवढंच सांगतो आणि गिऱ्हाईक त्याचा अर्थ ‘पाखरं मारायला मोकळीक’ असा लावतं. परवाना लागत नाही तो बंदुकीला. त्या बंदुकीने राघू टिपला तर ती शिकारच, आणि ती बंदूक पुरावा.

पीक संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचंही तेच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे आणि पश्चिम पट्ट्यात जुन्या घरांमध्ये अशा बंदुका आहेत. हा परवाना बाळगण्याचा आहे, जनावर पाडण्याचा नाही. त्यात तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात:

- अभयारण्याच्या हद्दीत किंवा हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन खात्याकडे नावनोंदणी करायची असते. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे आणि गोकाक तालुक्यात धुपदाळजवळ घटप्रभा पक्षी अभयारण्य. या पट्ट्यातल्या गावांनी हे तपासावंच. नवा परवानाही तिथे वन्यजीव खात्याच्या संमतीशिवाय निघत नाही.
- परवानगीशिवाय बंदूक घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. रान हद्दीला लागून असेल तर जनावरामागे पळणं हद्दीपाशी संपवा.
- निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो. ती वेळ नेमकी सुगीची असली तरी.

डुकरांसाठी एक कायदेशीर वाट आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला किंवा मालमत्तेला धोका झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. कलम ११. आदेश हातात कागदावर पाहिजे. ‘साहेब हो म्हणाले’ हा आदेश नव्हे. आणि असं मारलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता असतं, त्याचे वाटे पडत नाहीत.

सावध: विष लावलेले दाणे, डुकरासाठी पेरलेले स्फोटक बारगोळे, तारेचे फास आणि मेन लाइनवरून कुंपणात सोडलेला करंट, या चारही गोष्टींना माफी नाही. करंटाच्या तारेला पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारी लागतो. वीज कंपनीच्या (हेस्कॉम) विजेची चोरी आणि मनुष्यवध, दोन्ही एकाच तारेवर.

## ३. पेरणीआधी: अर्धी राखण इथेच होते

एका वेळी पेरा. एकट्याचं रान आठवडा-दोन आठवडे आगाप किंवा मागास असलं की अख्ख्या शिवारातली पाखरं तिथेच उतरतात. शिवारभर एकदम दाणा भरला तर नुकसान वाटलं जातं. शेजारच्या चार-सहा रानांशी बोलून पेरणी जमवून घ्या. पाऊस आणि बैल-ट्रॅक्टरची सोय सगळ्यांची एक नसते हे खरं, पण निदान पाणी एकाच पाटाचं असलेल्यांनी तरी हे करावं. फुकट उपाय हाच एक आहे, आणि सगळ्यात कमी केला जाणारा पण हाच.

वाण बघून घ्या. शाळूत गच्च कणसापेक्षा थोडं मोकळं कणीस आणि कुसळ असलेला वाण पाखरांना जड जातो. उताऱ्यात फरक पडतो, त्यामुळे सगळं रान नको. झाडीकडच्या दहा-बारा ओळी अशा वाणाच्या घातल्या तरी चालतं.

सूर्यफूल एकटं घालू नका. कडेने तीन-चार ओळी मका किंवा जोंधळा दाट पेरा. राघूंना आतलं फूल पटकन दिसत नाही, आणि आधी कडेवर बसले तर हाकलायला वेळ मिळतो.

पडीक कडा साफ करा. डुक्कर दिवसा ओढ्यातल्या घाणेरीत आणि वेड्या बाभळीत झोपतं. बांधापासून दहा-पंधरा फूट झुडूप काढलं की त्याला उघड्यावरून यावं लागतं, आणि उघड्यावरून यायला ते बिचकतं.

## ४. पेरणी ते उगवण: पहिले दहा दिवस

मक्याचं बी दीड-दोन इंच खोल जाऊ द्या आणि वर पाटी किंवा फळी फिरवून तास बुजवा. पाभरीच्या वळणावर सांडलेले मूठभर दाणे हे कावळ्या-पारव्यांचं आमंत्रण असतं. पेरून झाल्यावर चारी कोपरे पायी फिरून ते मातीआड करा. पाच मिनिटांचं काम, पण कोणी करत नाही.

शेंगा टोकताना नुकसान पारव्यांपेक्षा डुकरांचं जास्त. ती टोकणीची ओळ वासावरून धरतात आणि नांगरल्यासारखी उकरत जातात. म्हणून शेंगांच्या रानाचं कुंपण (टप्पा ७) पेरणीच्या आदल्या दिवशी तयार पाहिजे, पेरून आठ दिवसांनी नाही.

कोंब वर आल्यापासून चार पानं होईपर्यंत सकाळची राखण लावा. पुढे रोप मुळावर घट्ट होतं आणि कावळा उपटत नाही.

तपासा: चौथ्या आणि सातव्या दिवशी दहा फूट ओळीतली रोपं मोजा. जिथे तूट आहे तिथे लगेच नांग्या भरा. उशिरा भरलेली नांगी मागे चिकात येते आणि पाखरांना पुढचे पंधरा दिवस जेवण पुरवते.

## ५. पोटरी ते निसवण: पाखरं यायच्या आधीची तयारी

इथे सर्वांत मोठी चूक होते. लोक दाणा खाल्लेला दिसल्यावर तयारीला लागतात. थवा एकदा रानाला सरावला की त्याला हलवणं फार कठीण, कारण त्याला जेवणाची जागा, बसायचं झाड आणि माणसाची वेळ, तिन्ही पाठ झालेली असतात. नवखा थवा एका झेंड्याला बिचकतो. म्हणून शाळू पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असतानाच खालच्या कामांना लागा, याच क्रमाने.

पहिलं, पक्षीथांबे काढा. अळ्या खायला पाखरं बसावीत म्हणून हरभऱ्यात, मक्यात आपण इंग्रजी टी आकाराचे थांबे लावतो. ते बरोबरच आहे. कोतवाल, साळुंकी, बगळे अळ्या टिपतात, त्यांना तोवर राहू द्या. पण निसवण सुरू झाली, म्हणजे कणीस बाहेर पडू लागलं, की थांबे उपटा. लष्करी अळीसाठी लावलेले तसेच राहतात आणि नंतर त्यावर राघू बसून कणसं निवडतात.

दुसरं, चकाकी रिबन बांधा. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चंदेरी, बोटभर रुंदीची. बांबू किंवा शेवग्याच्या काठ्या रोवा आणि रिबन पिकाच्या शेंड्यापासून फूट-दीड फूट वर राहील अशी ताणा. ओळीची दिशा दक्षिणोत्तर, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन तिच्यावर पडून चमकतं. बांधताना तीन-चार पीळ द्या. पिळामुळे ती वाऱ्याने थरथरते आणि घुमल्यासारखा आवाज निघतो. दोन रिबनांमध्ये साधारण पाच मीटर अंतर, झाडीच्या बाजूला तीन. रानाच्या मध्यावर दाट आणि कडेला विरळ बांधणारे बरेच आहेत, ते उलटं हवं.

आता वेळ. पहिली कणसं फुलोऱ्यातून बाहेर पडून चीक धरायला लागली, की त्या दिवशी. आठ दिवस आधी नको, कारण रिबनचा धाक दहा-पंधरा दिवसच टिकतो आणि शाळूला धोका चिकापासून दाणा कडक होईपर्यंत तीन-साडेतीन आठवडे असतो. तयारी आधी, बांधणी वेळेवर. काठ्या पोटरीत रोवून ठेवा, रिबन चीक दिसल्यावर ताणा.

तिसरं, मक्याची कडेची कणसं झाका. बांधाकडच्या तीन-चार ओळींतलं प्रत्येक कणीस त्याच ताटाच्या हिरव्या पानाने गुंडाळून गाठ मारा. राघू कडेच्या ओळींवर आधी बसतो, कणीस दिसलं नाही की पुढे उडतो. दोन बायका दिवसभरात एकराची कड करून टाकतात. पान तोडू नका, नुसतं वळवा.

चौथं, जाळी लावायची असेल तर आत्ताच. जाळी परवडते ती अथणीकडच्या द्राक्षाला, भाजीपाल्याच्या बियाण्याला, किंवा घरच्या खाण्याच्या पाव एकर बासमतीला. सगळ्या शाळूवर टाकायचा हिशेब बसत नाही. मुनियांसाठी १५ ते २० मिलिमीटरचं भोक, फक्त राघूंसाठी ४० ते ५० चालतं. जाळी ताठ आणि खाली मातीत पुरलेली पाहिजे.

सावध: ढिली, बारीक नायलॉनची, मासे धरायची जाळी पिकावर टाकू नका. पाखरं अडकून मरतात, धामण अडकते, आणि वन खात्याच्या डोळ्यांना तो सापळाच दिसतो. जाळी रोज एकदा फिरून पाहा, अडकलेलं पाखरू कात्रीने सोडवा.

## ६. चीक ते हुरडा: रोजची राखण

दिवसभर रानात बसून राखण होत नाही, गडी दुपारी झोपतो आणि पाखरांनाही दुपारी भूक नसते. उजाडल्यापासून साधारण नऊ-साडेनऊपर्यंत आणि चारपासून दिवस मावळेपर्यंत, या दोनच वेळा नेमाने धरा. त्यातही पहिला अर्धा तास मोलाचा. सकाळी पहिला थवा उतरू दिला नाही तर तो पुढच्या शिवाराकडे वळतो. एकदा उतरून चार दाणे खाल्ले, की तुम्ही हाकललं तरी बांधावरच्या झाडावर बसून तुमच्या जाण्याची वाट बघतो.

राघूंच्या थव्यातले दोन-तीन आधी येऊन उंच झाडावर किंवा तारेवर बसतात, बाकीचे मागून येतात. हाकायचं त्या पहिल्यांना. रानात उतरलेल्या शंभरांच्या मागे पळण्यात घाम निघतो, फायदा होत नाही.

साधनांचा क्रम असा ठेवा:

पहिले चार-पाच दिवस माणूस, माळा (मचाण) आणि गोफण. माळ्याची जागा रानाच्या मधोमध नको, पाखरं येतात त्या कडेपासून रानाच्या एक तृतीयांश आत. गोफणीत दगडाऐवजी वाळलेलं मातीचं ढेकूळ घाला. ते ताटांवर आपटून फुटतं, आवाज आणि धूळ होते आणि शेजारच्या रानातल्या माणसाचं डोकं शाबूत राहतं. नेम पाखरावर धरायचा नाही, थव्याच्या पुढच्या ताटांवर.

नंतर आवाज. पत्र्याचा डबा, थाळी, फटाक्याची माळ, भोंग्यावर लावलेला ससाण्याचा आवाज, काहीही. पण एकच आवाज सलग तीन दिवसांपेक्षा जास्त नको आणि ठरलेल्या अंतराने नको. दर दहा मिनिटांनी वाजणारं यंत्र पाखरं दोन दिवसांत शिकतात. आज डबा, उद्या भोंगा, परवा काहीच नाही, मग पुन्हा डबा. जागाही बदला.

बुजगावणं शेवटी, आणि तेही हलतं. एका जागी महिनाभर उभं राहिलेल्या बुजगावण्याच्या खांद्यावर साळुंक्या बसलेल्या कोणीही पाहिल्या असतील. दर दोन दिवसांनी उपटून दुसरीकडे रोवा, सदरा बदला, आणि जमलं तर ज्या सदऱ्याने माणूस गोफण मारतो तोच त्याला चढवा.

भात आणि नाचणीत चिकाची मुदत कमी, राखण बारा-पंधरा दिवसांत आटपते. सूर्यफुलात मात्र दाणा भरू लागल्यापासून कापणीपर्यंत राघू सोडत नाही. तिथे रिबन एकदा बदलावीच लागते.

सावध: कार्बाइडची नळी. प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी, आवाज तोफेसारखा, किंमत दोनशे-तीनशे. बार उडाला नाही म्हणून माणूस नळीत डोकावतो आणि नेमका तेव्हा उडतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या खेळण्याने कित्येक मुलांचे डोळे गेले. राखणीला बहुतेक घरातलं पोरच बसतं, हे लक्षात घेऊन ही नळी घरात आणूच नका.

तपासा: दर चार दिवसांनी कडेच्या आणि मधल्या ओळीतली वीस-वीस कणसं बघा. कडेला नुकसान आणि मध्य शाबूत असेल तर राखण बरोबर चालली आहे. मध्यही पोकळ लागत असेल तर पाखरं तुमच्या वेळेच्या आधी येतात. अर्धा तास लवकर जा.

शाळूचा दाणा हुरड्याच्या पुढे जाऊन नखाने दबेनासा झाला की बारीक पाखरांचा धोका ओसरतो, राघू आणि पारवे उरतात. काढणी लांबवू नका. ‘अजून थोडं वाळू दे’ म्हणत पंधरा दिवस उभं ठेवलेलं पीक पाखरं, उंदीर आणि वारा तिघे मिळून खातात.

उंदरांना विष घालणं शिकारीत बसत नाही, ती वेगळी बाब आहे, पण आमिष बिळात घालून तोंड बुजवा. उघड्यावर टाकलेलं आमिष मोर आणि पारवे खातात, आणि मेलेला उंदीर घुबड उचलतं.

## ७. डुकरं: कुंपण, आणि त्यातल्या चुका

साड्यांचं कुंपण, न्हाव्याकडचे केस, फिनेलच्या चिंध्या हे सगळं चालतं, पण आठ-पंधरा दिवस. पीक काढणीला तेवढेच दिवस उरले असतील तर जरूर करा. हंगामभर पुरणारा उपाय म्हणजे सौर झटका कुंपण. ते करंटाच्या तारेपेक्षा पूर्ण वेगळं आहे: यंत्र बॅटरीवर चालतं आणि सेकंदाला साधारण एक, अगदी क्षणिक झटका सोडतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. यंत्र घेताना त्यावर आयएस ३०२ (भाग २, विभाग ७६) हे मानक छापलेलं आहे का बघा. गावातल्या वायरमनने जुळवून दिलेलं यंत्र नको.

उभारणीचा क्रम:

1. कडेचं गवत, झुडूप तीन फूट रुंद साफ करा.
2. अर्थिंग आधी. गॅल्व्हनाइज्ड सळ्या किमान तीन, चार-पाच फूट खोल, एकमेकींपासून दहा फुटांवर. खानापूरकडच्या जांभ्या मातीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, तिथे सळ्यांभोवती आठवड्याला पाणी ओता. अर्थिंग कोरडं म्हणजे कुंपण मेलं.
3. सर्वांत खालची तार जमिनीपासून आठ इंचांवर, वरच्या दोन त्याच अंतराने. डुक्कर सहसा उडी मारत नाही, नाकाने उचलून खालून शिरतं. माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर खालची तार बांधणाऱ्यांनी कुंपण गुरांसाठी केलेलं असतं.
4. ओघळ आणि चारीच्या जागी खालून फट राहते, तिथे एक जादा तार.
5. रस्ता-पायवाटेकडे पिवळ्या पाट्या, मराठी आणि कन्नड दोन्हीत.
6. चालू करा आणि सर्वांत लांबच्या टोकाला मीटर लावा. ४,००० व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर कुठेतरी गवत टेकलं आहे किंवा अर्थिंग कच्चं आहे.

कुंपण पहिल्या रात्रीपासून सतत चालू ठेवा. दोन दिवस बंद, एक दिवस चालू असं केलं की डुक्कर तार ओलांडायला शिकतं, आणि शिकलेलं डुक्कर कळपाला घेऊन येतं.

गव्यांना हे कुंपण अडवेलच असं नाही. जांबोटी-कणकुंबीकडे कळप रानात उतरला तर टॉर्च घेऊन मागे धावू नका. लांब राहा आणि वन खात्याला कळवा. कर्नाटक वन खात्याची मदतवाहिनी १९२६.

## ८. नुकसान झालंच तर: त्याच दिवशी करायचं

भरपाईचे बहुतेक अर्ज अडतात ते पुरावा पुसला गेल्यामुळे. माणूस सकाळी जातो, आडवी ताटं वैरणीला कापतो आणि दुपारी तक्रार करतो. पंचनाम्याला येणाऱ्याला मग मोकळी जमीन दिसते.

- ताटं हलवण्याआधी फोटो. तारीख आणि जागा नोंदणारा कॅमेरा लावा. एक लांबून सगळं रान, एक जवळून, आणि खुरांचे ठसे शेजारी काडेपेटी ठेवून.
- त्याच दिवशी वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात, म्हणजे आरएफओ ऑफिसात, लेखी कळवा आणि पोच घ्या. अर्ज ई-परिहार या ऑनलाइन पद्धतीने पुढे जातो.
- उतारा (आरटीसी), आधार, बँक पासबुक यांच्या प्रती. उताऱ्यावर पीक नोंद चालू हंगामाची आहे का ते आधीच तलाठ्याकडे बघा. नोंद उसाची आणि नुकसान मक्याचं, असा अर्ज परत येतो. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर संमतीपत्र लागतं.
- फॉर्म कन्नडमध्ये असतो. भरून देणाऱ्याकडून क्षेत्र, सर्व्हे नंबर आणि प्राण्याचं नाव मोठ्याने वाचून घ्या. डुक्कर आणि माकड यांत गल्लत झालेली चालत नाही.
- पाखरांच्या नुकसानीसाठी या भरपाईवर भिस्त ठेवू नका. ती मुख्यतः गवा, डुक्कर, हत्ती अशा जनावरांसाठी आहे.

पीकविमा घेत असाल तर प्रधानमंत्री फसल बीमा योजनेत २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान जोडायचं केंद्राने ठरवलं आहे. प्राणी आणि धोक्याचे जिल्हे किंवा विमा घटक राज्याने अधिसूचित करायचे आहेत, म्हणून हप्ता भरतानाच आपला भाग यादीत आहे का विचारा. त्यात नुकसान ७२ तासांच्या आत, विम्याच्या ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोंसह कळवावं लागतं. वन खात्याला दिलेला अर्ज विमा कंपनीपर्यंत आपोआप पोचत नाही, दोन्हीकडे वेगवेगळं कळवा आणि दोन्ही पोचपावत्या पंचनामा होईपर्यंत उताऱ्याच्या फाइलीतच ठेवा.